पायाला मुंग्या असताना केमो घ्यावी काय?

श्रोतेहो, आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ सालापासून कागदोपत्री झालेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, कोणत्याही गावच्या पारावर जाऊन विचारा, "पायाला मुंग्या येतात का हो कुणाच्या?" कुणी ना कुणी मान हलवतोच. कुणाची साखर जुनी, कुणाच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी, कुणी वर्षानुवर्षे दारू घेतलेली, तर कुणाला तरुणपणी कुष्ठरोग होऊन गेलेला. कारणे निराळी, पण गाऱ्हाणे एकच. तळपाय भगभगतात, कापसावरून चालल्यासारखे वाटते, चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी चार पावलांनी ध्यानात येते. डोळे मिटून तोंड धुवायला वाकले की तोल जातो. याला डॉक्टरी भाषेत न्यूरोपथी म्हणतात. माणूस ती अंगावर काढतो आणि त्यातच संसार करतो.

आता अशाच माणसाला कॅन्सर निघाला तर? गाठीचा तुकडा तपासून येतो, डॉक्टर केमोचे वेळापत्रक लिहून देतात, आणि तिथेच खरी अडचण उभी राहते. कारण कॅन्सरवरची नेहमीच्या वापरातली बरीचशी औषधे नेमकी याच नसांना दुखवतात. आधीच अधू झालेल्या पायांवर आणखी भार घालायचा का? की पायांची काळजी करत बसून जीव धोक्यात घालायचा? आज याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण खेड्यात इंग्रजी वाचणाऱ्या माणसाकडे रिपोर्टांची पिशवी येतेच. नात्यातली येते, विद्यार्थ्यांच्या घरची येते. म्हणून अमुक औषध घ्या, तमुक घेऊ नका, असे मी सांगणार नाही. डॉक्टरांपुढे काय मांडायचे आणि त्यांना काय विचारायचे, एवढीच माझी धाव.

आधी नस म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतात आणि संवेदना नेणाऱ्या तंतूलाही. इथे दुसऱ्या अर्थी बोलतो आहे. पाठीच्या कण्यापासून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा एकेक तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो, आणि तो एकाच पेशीचा धागा असतो. पेशीचे पोट कण्याजवळ, आणि शेवट मीटरभर दूर अंगठ्यात. त्या शेवटाला लागणारे सारे पोषण पोटाशी तयार होते आणि आतल्या बारीक नळ्यांच्या वाटेने खाली जाते. राहुरी-श्रीरामपूरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून द्यायला नको. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, तेव्हापासून टेलच्या शेतकऱ्याचे दुःख तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पाट कुठे फुटला, कुठे गाळाने भरला, की पाणी आधी तुटते ते शेपटाकडच्या शेताचे. शरीरातही तसेच. नस बिघडली की आधी पायाची बोटे जातात, मग पाऊल, मग घोटा. तिथून पुढे हाताच्या बोटांची पाळी. मोजे आणि हातमोजे घालावेत तेवढाच भाग बधिर होतो.

केमोची औषधे इथे कशी आड येतात? उदाहरण आपल्या अंगणातलेच घेऊ. सदाफुली सर्वांच्या दारी असते. मधुमेहावर तिचा पाला चालतो अशी समजूत पुष्कळ देशांत होती, वेस्ट इंडिजमधल्या जमैका बेटावरही होती. तिथली पाने १९५२ साली कॅनडातल्या रॉबर्ट नोबल या संशोधकाच्या हाती आली. त्याने आणि चार्ल्स बीअरने त्यांचा अर्क तपासला. साखरेवर म्हणावा तसा गुण दिसेना, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने कमी झाल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणे हाच तर रक्ताचा कॅन्सर! त्यातूनच १९५८ साली व्हिनब्लास्टीन वेगळे झाले, आणि मागोमाग सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टीन. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर आजही व्हिन्क्रिस्टीन आधारस्तंभ आहे. (म्हणून कुणी सदाफुलीचा काढा करून पिऊ नये. औषधाचा अंश पानात अत्यल्प असतो, आणि विषारीपणा मात्र पुरेसा असतो.)

व्हिन्क्रिस्टीन करते काय, तर पेशीतल्या त्या बारीक नळ्या मोडते. नळ्या मोडल्या की पेशीला दुभंगता येत नाही आणि कॅन्सरची वाढ थांबते. पण नसेच्या धाग्यातही पोषण नेणाऱ्या नळ्या त्याच. औषधाला दोन्हींतला भेद कळत नाही. स्तनाच्या कॅन्सरात देतात ते पॅक्लिटॅक्सेल उलट रीतीने तेच करते; ते नळ्या मोडत नाही, जखडून टाकते. सिसप्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधे तर नसेच्या पोटाशीच, कण्याजवळ, घाव घालतात. तिथे पाटाचा नव्हे, धरणाचाच प्रश्न येतो. म्हणूनच प्लॅटिनमच्या औषधांचा एक विचित्र गुण असतो: शेवटची सलाईन संपल्यावरही बधिरपणा काही महिने वाढतच राहतो. हे आधी माहीत नसले की घरची माणसे घाबरतात, "आता तर औषध बंद आहे, मग हे का वाढतंय?" त्यांना वाटते रोगच उलटला.

आता मुख्य गोष्ट. आधीची न्यूरोपथी आहे एवढ्यावरून केमो नाकारावी लागते, असे मुळीच नाही. ती लपवली तर मात्र घात होऊ शकतो. आणि आपल्याकडे ती सर्रास लपवली जाते. एक तर माणसाला ते आजारात मोजण्यासारखे वाटतच नाही. कॅन्सरपुढे मुंग्यांचे काय घेऊन बसलात, असे त्याला वाटते. दुसरे कारण भीतीचे. सांगितले तर डॉक्टर औषध थांबवतील, मग गाठ वाढेल. म्हणून गुंडी लावता येत नाही तरी बाई नर्सला हसून सांगते, "काही नाही ताई, बरं आहे." तिसरे कारण लाजेचे. वीस-तीस वर्षांपूर्वी कुष्ठरोगाचे औषध पुरे करून ठणठणीत झालेला माणूस तो इतिहास कॅन्सरच्या वॉर्डात उच्चारायला तयार नसतो. सून शेजारी उभी असते ना! रोग गेला तरी नसांचे नुकसान राहिलेले असते, आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताच नसतो.

याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली काम सुरू केले. गावातल्याच बायकांना, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अंगावरचा सुन्न चट्टा ओळखणे, बधिर पायाची जखम सांभाळणे, कुष्ठरोग्याला गावातच ठेवून औषध देणे ही कामे त्या करू लागल्या. या दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातले एवढेच इथे घ्यायचे आहे की बधिर पाय ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. डोळे मिटायला सांगून बोटांना कापूस लावून पाहणे, ठराविक दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा टेकवणे, घोट्यावर नादकाटा ठेवून थरथर कळते का विचारणे, एवढ्यात पुष्कळ समजते. केमोच्या आधी ही तपासणी करून कागदावर लिहून घ्या, असा आग्रह धरायला हरकत नाही. पुढे वाढले किती हे कळायला आधी होते किती हे नोंदलेले हवे.

एक घराणे मात्र खास सावध राहायला हवे. काही घरांत दोन-तीन पिढ्या पायाचे पंजे कमानदार, पोटऱ्या काडीसारख्या, आणि चालताना पंजा खाली पडतो, असे चालत आलेले असते. १८८६ साली वर्णन करणाऱ्या तीन डॉक्टरांच्या नावाने त्याला शार्को-मारी-टूथ म्हणतात. अशा माणसाला व्हिन्क्रिस्टीनचा एखादा डोसही लुळे करू शकतो. "आमच्या घराण्याचेच पाय तसे" हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडलेच पाहिजे.

तसेच नायट्यावरच्या गोळ्यांचे. इट्राकोनॅझोल नावाची गोळी आपल्याकडे मेडिकलवरून सहज आणतात. व्हिन्क्रिस्टीन चालू असताना ती घेतली तर औषध शरीरात साचते आणि नसांचे नुकसान कितीतरी पटीने वाढते. मूल केमोवर असेल तर नायट्याची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नये.

आता तोलण्याकडे वळू. पहिला प्रश्न असा विचारावा: ही केमो कशासाठी? रोग मुळापासून जावा म्हणून, ऑपरेशननंतर तो परतू नये म्हणून, की बरा होणार नाही पण त्रास कमी व्हावा, थोडे दिवस वाढावेत म्हणून? तिन्ही ठिकाणी तराजू निराळा. मुलाचा रक्ताचा कॅन्सर बरा होण्यासारखा असताना पायाच्या मुंग्यांसाठी औषध सोडणे शहाणपणाचे नाही. तिथे डोस सांभाळून पुढे जायचे. पण दुखणे पार पसरलेले, वय ऐंशीच्या घरात, घरी एकटेच, आणि केमोने मिळणार दोन-चार महिने, तेही कदाचित. अशा माणसाने "ते महिने मला स्वतःच्या पायांवर हवेत" म्हटले तर त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

सगळ्यांत अवघड मधले प्रकरण. ऑपरेशन झाले, गाठ निघाली, आणि केमो पुढच्या सुरक्षिततेसाठी. तिथे आकडा मागावा: शंभर जणांत किती जणांना यामुळे फायदा? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे एक उदाहरण देतो. ऑक्झॅलिप्लॅटिन असलेली केमो अशा रुग्णांना सहा महिने देण्याची रीत होती. निरनिराळ्या देशांतल्या सहा चाचण्या एकत्र करून, १२,८३४ रुग्णांचा हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी रोग न परतलेले रुग्ण सहा महिन्यांच्या गटात शंभरात ७५.५, तीन महिन्यांच्या गटात ७४.६. आणि कामात अडथळा आणील इतकी न्यूरोपथी? सहा महिने घेणाऱ्यांत शंभरात ४५ ते ४८ जणांना, तीन महिने घेणाऱ्यांत १५ ते १७ जणांना. रोग फार पुढे गेलेला नसेल तर तीन महिने बहुधा पुरतात. पुढे गेला असेल तर काहींना सहाच बरे. म्हणजे "घ्यावी की नको" या दोन टोकांमध्ये "किती घ्यावी" हा तिसरा मार्ग असतो, आणि तो रुग्णाच्या ध्यानात क्वचितच येतो. मात्र एक लक्षात असू द्या. अशा चाचण्यांत आधीच नसा बिघडलेल्या माणसांना सहसा घेत नाहीत. तेव्हा हे आकडे धडधाकट पायांचे. आपल्या मधुमेही काकांच्या बाबतीत त्रासाचा आकडा याहून मोठाच धरावा.

चौथा मार्ग औषध बदलण्याचा. अंडाशयाच्या कॅन्सरात सिसप्लॅटिनच्या जागी कार्बोप्लॅटिन तेवढेच गुणकारी ठरले आणि नसांना पुष्कळ सौम्य. तरुणांच्या वृषणाच्या कॅन्सरात मात्र ही अदलाबदल महागात पडते. तिथे सिसप्लॅटिनच हवे. हाडांच्या मगजाच्या कॅन्सरात, म्हणजे मायलोमात, बोर्टेझोमिब शिरेतून देण्याऐवजी कातडीखाली दिले तर गुण तोच आणि न्यूरोपथी कमी: २०११ च्या चाचणीत शंभरात ५३ ऐवजी ३८ जणांना. औषध तेच, सुई टोचण्याची जागा फक्त बदलली!

या बाबतीत मुंबईच्या परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे एक काम आपल्या फार जवळचे आहे. तंबाखू-मिश्रीने होणारा तोंडाघशाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघरचा शत्रू. त्यात प्रकाशकिरणांच्या, लोक म्हणतात त्या शेकाच्या, उपचाराबरोबर सिसप्लॅटिन देतात. पण ज्याची मूत्रपिंडे कमजोर, कान गेलेले किंवा नसा बिघडलेल्या, त्याला ते सोसत नाही. अशांना वर्षानुवर्षे नुसता शेकच मिळे. टाटातल्या डॉक्टरांनी अशाच ३५६ रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नुसता शेक, निम्म्यांना शेकाबरोबर दर आठवड्याला अगदी कमी मात्रेत डोसिटॅक्सेल. २०२३ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी जिवंत असलेले रुग्ण नुसत्या शेकात शंभरात सुमारे ४२, डोसिटॅक्सेलच्या गटात सुमारे ५१. डोसिटॅक्सेलही नसांना अगदीच निर्दोष नव्हे, आणि तोंड येण्याचा व गिळण्याचा त्रास या गटात जास्त झाला; फुकट काहीच मिळत नाही. पण ज्यांना पूर्वी "तुम्हांला केमो जमणार नाही" एवढेच ऐकून परतावे लागे, त्यांच्यासाठी आपल्याच राज्यात वाट निघाली. मोठमोठ्या चाचण्यांतून ज्या माणसांना बाहेर ठेवतात, त्यांनाच घेऊन केलेली ही चाचणी आहे, हे मला तिच्यातले मोठेपण वाटते.

तराजूत आणखी एक वजन घालावे लागते, ते डॉक्टरांना दिसत नाही. पोट कशावर चालते? राहात्या-संगमनेरची गायींची धार काढणारी बाई बोटांवर जगते. शिंपी तसाच. पाथर्डीचा ऊसतोड कामगार उसाच्या खोडक्यांतून चालतो, हातात कोयता असतो. त्याचा तळवा बधिर झाला तर रक्त आलेलेही त्याला कळणार नाही. तीच न्यूरोपथी बैठ्या कामाच्या माणसाला निभावते. म्हणून "मी काय काम करतो" हे न विचारताही सांगावे.

उपचार सुरू होण्याआधी दुरुस्त होण्यासारखे असेल ते दुरुस्त करून घ्यावे. ब-१२ तपासावे, शाकाहारी घरात आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते हटकून कमी निघते. साखर आवरावी, आणि केमोबरोबर दिल्या जाणाऱ्या स्टेरॉइडने ती उसळते हेही ध्यानात ठेवावे. दारू बंद. "नसांची ताकद" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी मात्र सावध राहा. अ‍ॅसिटिल एल-कार्निटिन हे त्यातलेच एक. स्तनाच्या कॅन्सरची केमो घेणाऱ्या ४०९ स्त्रियांवर त्याची चाचणी झाली. २०१३ साली निकाल आला तो उलटा. ज्यांनी ते घेतले त्यांच्याच नसा सहा महिन्यांनी अधिक बिघडलेल्या निघाल्या. ब-६ चा अतिरेकही नसा बिघडवतोच. केमोनंतर नसांचे दुखणे असेल तर ड्युलोक्सेटिन नावाच्या गोळीने काहींना उतार पडतो, असे चाचण्यांतून दिसले आहे. पण ती दुखणे कमी करते, गेलेली संवेदना परत आणत नाही.

पायांची निगा कुष्ठरोगाच्या दवाखान्यांनी फार पूर्वी शिकवून ठेवली आहे. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवले की बोटे झडतात ती रोगाने नव्हे, बधिर पायाला लागलेली इजा न कळल्याने. मऊ रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल. रोज रात्री तळवे पाहणे, स्वतःला दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगणे. अंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावणे. शेकोटीपासून पाय दूर. ऑक्झॅलिप्लॅटिन घेणाऱ्याला तर थंडी चावते. सलाईननंतर काही दिवस गार पाणी प्याले तरी घसा आवळल्यासारखा होतो आणि पोलादी तांब्याला हात लावला तरी झिणझिण्या येतात. मार्गशीर्ष-पौषात पहाटेच्या हापशावर अशा माणसाला पाठवू नये.

शेवटी शिक्षक बंधुभगिनींसाठी एक काम. आपल्याकडचे रुग्ण पुण्याला, नाशिकला, मुंबईला जातात, जामखेडकडचे बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात जातात. तिथे डॉक्टरांपाशी मिनिटे थोडी आणि रुग्णाला आठवत काही नाही. एक शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर आधीचे सगळे लिहा: साखर किती वर्षांची, कुष्ठरोगाचे औषध कधी घेतले, दारू, चालू गोळ्यांची नावे, घराण्यातले पाय, पोटापाण्याचे काम. (कुष्ठरोगाची ओळ रुग्णाला एकट्याला विचारूनच लिहा, आणि वही त्याच्याच हाती राहू द्या.) मग प्रत्येक सलाईनची तारीख, मुंग्या कितव्या दिवशी सुरू झाल्या, पुढच्या सलाईनपर्यंत ओसरल्या की राहिल्या. ओसरतात तोवर ठीक. राहू लागल्या, शर्टाची गुंडी, साडीच्या निऱ्या, तांदळातले खडे, रात्री अंधारात परसाकडे जाणे, यातले काही अडू लागले, की ते त्याच दिवशी वहीत लिहायचे आणि पुढची सलाईन लावण्याआधी वही डॉक्टरांपुढे उघडून धरायची. डोस कमी करायचा, लांबवायचा की बदलायचा हे ते ठरवतील, पण सलाईन लागण्याआधी. नंतर सांगून त्या दिवसाचे औषध बाहेर काढता येत नाही.